सातबाऱ्यावरचं 'अज्ञान' पोर आणि त्याच्यासाठी न लिहिलेली कादंबरी

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी पोरं येतात. कुडाळपासून आत दहाबारा किलोमीटरवर गाव, वाचनालय म्हणजे देवळाच्या बाजूची एक खोली, दोन कपाटं आणि एक पंखा, पण मे महिन्यात मुंबईची पोरंही आलेली असतात त्यामुळे खोली भरून जाते. तर यंदा सातवीतला एक मुलगा पुस्तक बदलायला आला आणि पुस्तकात खूण म्हणून घडी घातलेला एक कागद तसाच राहिला होता, उघडून बघतो तर सातबाऱ्याची झेरॉक्स. त्याचे वडील आधीच गेलेले, आजोबा गेल्या वर्षी वारले, मग वारस नोंद झाली आणि फेरफार मंजूर होऊन ह्याचं नाव लागलं, नावापुढे 'अज्ञान' आणि पालनकर्ती म्हणून आईचं नाव. मी कागद परत दिला तेव्हा त्यानं विचारलं, "काकानू, माज्या नावाफुडे अज्ञान कित्याक लिवल्यानी? माका तर सगळा कळता."

मी सांगितलं की अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना कायद्याच्या मराठीत अज्ञानच म्हणतात, त्याचा अर्थ अडाणी असा नाही, फक्त स्वतःच्या सहीनं जमिनीचा व्यवहार करता येत नाही एवढाच. त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. कारण त्यानं पुढे विचारलं की मग माझ्या जागेत कोणी घुसला तर मी काय करायचं, आणि ह्याचं उत्तर देणारं एकही पुस्तक त्या दोन कपाटांत नव्हतं. भुताची होती, खजिन्याची होती, हेरांची होती, गड चढणारी होती. ज्या पोराचं नाव सातबाऱ्यावर आहे, ज्याच्या घरात गणपतीला आरती झाली की लगेच हिश्श्याची बोलणी सुरू होतात, त्याच्यासाठी काही नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे, मराठीत कुमारवयाच्या वाचकांसाठी कायद्याच्या साहसकथा लिहिल्या गेल्या पाहिजेत, भरपूर लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या कोकणातून लिहिल्या जाव्यात कारण इथे मालाला तोटा नाही. कोर्ट, तहसील, मोजणी, पंचनामा, साक्ष हे शब्द आमच्या पोरांच्या कानावर जन्मापासून पडतात पण ते मोठ्या माणसांनी आवाज खाली करून बोललेले शब्द असतात, पोरगं आलं की विषय बदलतो, आणि मग ते पोरगं मोठं होऊन एक दिवस अचानक तारखेला उभं राहतं.

बाहेर हा प्रकार चांगला रुजलेला आहे. अमेरिकेत जॉन ग्रिशॅम, जो मोठ्यांसाठी वकिली थरारकथा लिहितो, त्यानं 2010 साली थिओडोर बून नावाचा तेरा वर्षांचा नायक घेऊन मुलांसाठी मालिका सुरू केली. आईवडील दोघंही वकील, गावातल्या कोर्टातले जज, क्लार्क, शिपाई सगळे ह्या पोराच्या ओळखीचे, वर्गातली मुलं आपापल्या घरच्या अडचणी घेऊन त्याच्याकडे सल्ल्याला येतात. पहिल्याच पुस्तकात खुनाचा खटला उभा आहे आणि ज्यानं बघितलं तो माणूस त्या देशात कागदपत्रांशिवाय राहतोय म्हणून पुढे यायला घाबरतो, ते गुपित ह्या मुलाच्या हातात येतं. म्हणजे पोराला कायदा कळतो आणि कळतो म्हणूनच तो अडचणीत सापडतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण खजिन्याच्या गोष्टीत धोका बाहेरून येतो, चोर येतो, साप येतो, आणि इथे धोका असा आहे की मला खरं माहीत आहे, आता मी ते कोणाला सांगू, कधी सांगू, सांगितलं तर कोणाचं नुकसान होईल.

पण म्हणून ती पुस्तकं भाषांतर करून कपाटात लावली की काम झालं असं मला वाटत नाही. त्यात ज्युरी आहे, आपल्याकडे ज्युरी राहिलेली नाही. आणि आमच्या पोरांना कोर्ट आधीच चुकीचं माहीत आहे, सिनेमा आणि सिरीयलीतून आलेलं. जज हातोडा आपटतो असं त्यांना वाटतं, गीतेवर हात ठेवून शपथ घेतात असं वाटतं. इथल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन बघा, हातोडा नाही, गीता नाही. शपथेचा कायदा 1969 चा आहे, देवाच्या नावानं घ्या किंवा देव मानत नसाल तर नुसतं गांभीर्यानं सांगा की खरं बोलेन, दोन्ही चालतं. आणि त्याच कायद्यात एक अशी तरतूद आहे की ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. बारा वर्षांखालचं मूल साक्षीला आलं, त्याला खरं बोलायचं कळतंय पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही असं कोर्टाला वाटलं, तर शपथेशिवाय त्याची साक्ष घेता येते. म्हणजे दहा वर्षांच्या पोरीचं नुसतं बोलणं कोर्ट ऐकून घेतं. ह्याच्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते आणि ती आपल्याकडे कोणी लिहिलेली माझ्या बघण्यात नाही.

आता म्हणाल की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि तुम्ही पोरांना कोर्टाची गोडी लावायला निघालात. ही म्हण मी खोटी म्हणणार नाही, ज्या घरात आजानं लावलेल्या दाव्याला नातू जातोय त्या घरात ती खरीच आहे. आमच्याच वाडीत एका गडग्यावरून दोन सख्ख्या चुलत घरांचं वीस-बावीस वर्षं बोलणं नव्हतं, गडगा म्हणजे चिऱ्याचा पण नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, कमरेएवढा. दोन्ही घरांतली पोरं एकाच बाकावर बसायची आणि शाळेत बोलायची, घराच्या हद्दीत आली की बोलायची नाहीत. त्या पोरांना कोणी सांगितलं होतं का की दावा नक्की कशाचा आहे? नाही. त्यांना फक्त वैर माहीत होतं. दावा काय, नकाशा काय म्हणतो, मोजणीत हद्द कुठे दाखवली, हे त्यांना माहीत असतं तर कदाचित त्यांनीच पुढे होऊन मिटवलं असतं. कायदा कळलेला माणूस भांडकुदळ होतो हा समज मला मान्य नाही. उलट कागद न बघितलेला माणूस जास्त जोरात भांडतो, हे गावात राहणाऱ्या कोणालाही विचारा.

काही पालकांचं म्हणणं वेगळं असतं आणि त्याला जास्त वजन आहे, की मुलं घाबरतील. मला वाटतं मुलं आधीच घाबरलेली असतात. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा आहे, त्यात मुलाला कोर्टात पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, साक्ष देताना आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करायची, खटला बंद दाराआड चालवायचा, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत ठेवायचं असं सगळं लिहून ठेवलेलं आहे. हे कितीजणांना माहीत आहे? मुलाला वाटतं सगळ्या गावासमोर उभं करून विचारतील, आईवडिलांना पण तसंच वाटतं, आणि म्हणून गप्प बसतात. माहितीपत्रक छापून हे मनात उतरत नाही, शाळेच्या भिंतीवर चिकटवलेलं पत्रक पहिल्या पावसात निघून येतं. गोष्टीतली एक मुलगी साक्षीच्या त्या खोलीत जाऊन बाहेर आली की ती खोली वाचणाऱ्याच्या ओळखीची होते.

बरं, कोकणातली गोष्ट कशी असेल. मी एक सांगतो, गावोगाव घडते अशी. पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, तिच्यावरून शेतात जायचं. वरचं घर मुंबईवाल्यांनी कोणालातरी विकलं, नवीन मालकानं तारेचं कुंपण घातलं, गेट लावलं, कुलूप लावलं. खाली चार घरांची भातशेती आणि काजू, बैल कुठून न्यायचे, तरवा म्हणजे भाताची रोपं कुठून न्यायची. मोठी माणसं गेटशी जाऊन शिव्या देऊन येतात आणि पुढारी बघून घेईल म्हणून बसतात. आणि कायदा काय म्हणतो, तर मामलेदार कोर्टाचा जुना कायदा आहे, 1906 चा, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, तो जागेवर येऊन बघतो, पंचनामा होतो, जबाब होतात, आणि अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. सहा महिने! आता सांगा, ह्याच्यापेक्षा चांगला टायमर कुठल्या थरारकथेत असतो? कुंपण पडलं शिमग्याच्या आसपास, म्हणजे गणपतीच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि मध्ये अख्खा पावसाळा आहे, लाइट नाही, नदीला पूर, तालुक्याची एसटी बंद.

आणि पुरावा? तो शोधणं हेच तर पोरांचं काम. वाट आधीपासून होती हे दाखवायचंय. मोठ्यांना सुचणार नाही अशा जागी पोरं बघतील. कोणाच्यातरी लग्नाच्या अल्बममध्ये वरात त्याच वाटेनं चाललेली दिसते, मागे तोच फणस, फोटोच्या पाठी स्टुडिओचा शिक्का आणि तारीख. ज्या मुंबईकर काकांनी घर विकलं त्यांच्या जुन्या पत्रात लिहिलेलं सापडतं की पाखाडीची डागडुजी सगळ्यांनी मिळून करूया. एक नव्वदीची आजी आहे तिला सगळं आठवतं पण तिला तालुक्याला न्यायचं कसं, आणि ती जबाबात काय बोलेल कारण गेटवाल्याची बायको तिला रोज दूध आणून देते. आणि एक पेटी, तिच्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे, वाळवीनं कडा खाल्लेले मोडीतले कागद. मोडी! इतर भाषांतल्या लेखकांना सांकेतिक लिपी बनवून घ्यावी लागते, आपल्याकडे घराघरात एक आहे, पणजोबांच्या हातची, आणि ती वाचणारा माणूस तालुक्यात एखादाच उरलाय, त्याला शोधत जायचं. वीस वर्षं कोणाची हरकत नसताना उघड वापरलेल्या वाटेचा हक्क तयार होतो असं 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो, ते दिवाणी कोर्टाचं काम, म्हणजे तहसीलदाराकडे नाही जमलं तर वर प्रांताधिकारी आहेत, दिवाणी कोर्ट आहे, दुसऱ्या भागाला जागा आहे.

ह्यात एक पथ्य मात्र लेखकानं पाळलं पाहिजे. पोराला काळा कोट घालून कोर्टात भाषण करायला लावू नये. ते खोटं होईल आणि वाचणाऱ्या पोराला ते लगेच कळेल. आपल्या कायद्यात अज्ञानाला दावा लावायचा तर मोठं माणूस वादमित्र म्हणून पुढे राहावं लागतं, आणि ही अडचण गोष्टीला उपकारकच आहे कारण मग पोरांना एक मोठं माणूस पटवावं लागतं, जे घाबरतं, टाळतं, पैशाचं बघतं. 2015 साली सुप्रीम कोर्टात फटाक्यांच्या धुराविरुद्ध जी याचिका गेली ती तीन बाळांच्या नावानं होती, सगळ्यात मोठं चौदा महिन्यांचं, त्यांचे वडील त्यांच्या वतीनं उभे राहिले, आणि त्याच प्रकरणात 2018 ला दिवाळीत फटाके वाजवायची वेळ रात्री आठ ते दहा अशी ठरली. आणि 2012 साली लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीनं माहिती अधिकारात विचारलं होतं की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कुठल्या हुकुमानं दिली, तो अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृहखात्यात, तिथून राष्ट्रीय अभिलेखागारात फिरला आणि शेवटी असा काही कागदच नाही हे बाहेर आलं. दहा रुपयांची फी, तीस दिवसांची मुदत आणि महाराष्ट्राच्या नियमात तर दीडशे शब्दांची मर्यादा. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न लिहायचा, हा निबंधाच्या कुठल्याही तासापेक्षा चांगला अभ्यास आहे.

पण कोकणातली सगळ्यात मोठी कायद्याची साहसकथा घडून गेलेली आहे आणि आम्ही ती पोरांना अर्धीच सांगतो. महाडचं चवदार तळं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाणी प्याले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, तिथे धडा संपतो. पुढे काय झालं? नगरपालिकेनं 1924 ला ठराव केलेला होता की तळं अस्पृश्यांना खुलं आहे, तो ठराव सत्याग्रहानंतर तिनं स्वतःच मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा 12 तारखेला गावातल्या काही सनातन्यांनी महाडच्या कोर्टात दावा लावला की हे तळं सार्वजनिक नाहीच, आजूबाजूच्या घरवाल्यांचं खाजगी आहे, आणि 14 तारखेला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे हजारो माणसं महाडला यायला निघालीत आणि हातात कोर्टाचा कागद पडलाय की तळ्याकडे जाऊ नका. आता काय करायचं? हुकूम मोडायचा तर आपण स्वतः बॅरिस्टर, ज्या कायद्यावर विश्वास ठेवून उभे राहिलो तोच मोडणार, आणि नाही मोडायचा तर उपाशीतापाशी आलेल्या माणसांना काय सांगायचं. तेरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न देऊन बघा, आम्ही दिला होता, वाचनालयात अर्धा तास नुसता गोंधळ चालला होता. परिषदेनं शेवटी तळ्यावर न जाण्याचं ठरवलं आणि लढाई कोर्टात गेली.

आणि कोर्टात प्रश्न काय, तर तळं कोणाचं. म्हणजे पुन्हा कागद, वहिवाट, नगरपालिकेचं दप्तर, अस्पृश्यांना तळं बंद ही शेकडो वर्षांची रूढी आहे म्हणता तर ती सिद्ध करा. महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, मग मुंबई हायकोर्ट. 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं सनातन्यांचं अपील फेटाळलं, ते म्हणत होते ती पुरातन रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. पहिल्या दिवसापासून मोजलं तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. ही दहा वर्षं कुठल्या मुलांच्या पुस्तकात आहेत? एका कारकुनाच्या मुलाच्या डोळ्यांतून, एका साक्षीदाराच्या नातीच्या डोळ्यांतून ही गोष्ट सांगता येणार नाही का? तीच गत अलिबागकडच्या चरीच्या शेतकऱ्यांची, 1933 ते 1939 खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, जमिनी ओसाड ठेवून संप केला, 1937 ला बाबासाहेबांनी खोती बंद करायचं बिल कायदेमंडळात मांडलं. त्या संपात घरोघरी पोरं होती, ती काय खात होती, काय बघत होती, ही सगळी न लिहिलेली प्रकरणं आहेत.

मुलींसाठी तर मला वेगळंच पुस्तक हवंय. मे महिन्यात किंवा गणपतीला आत्या येते, दोन दिवस लाड होतात, तिसऱ्या दिवशी तिला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि येताना साडी घेतात. बारातेरा वर्षांची भाची ते बघत असते. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा 1994 लाच दिला, देशभर 2005 ला आला, 2020 ला सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मानंच. भाचीला हे कळलं, आणि तिचा स्वतःचा लाडका बाबाच आत्याकडून सही घेतोय. तिनं बोलायचं का? ह्याच्यात ना पाठलाग आहे ना बंदूक, पण मला सांगा, त्या मुलीनं जेवणाच्या पंगतीत तोंड उघडायला जेवढं धाडस लागेल तेवढं गुहेत शिरायला लागत नाही.

प्रकाशक म्हणतात की पोरांना हे रुक्ष वाटेल. मी रविवारी ह्याच्या उलट बघितलंय. वाटेची ती गोष्ट मी पोरांना तोंडी सांगायला सुरुवात केली, चार रविवार पुरली, आणि पोरं घरून पुरावे घेऊन यायला लागली. एकानं लाइट बिल आणलं, एकीनं पणजोबांची शेतसाऱ्याची पावती आणली, तो सातवीतला मुलगा तर भूमी अभिलेख कार्यालयातून आईबरोबर जाऊन आपल्या गटाच्या नकाशाची नक्कल काढून घेऊन आला आणि जमिनीवर पसरून सगळ्यांना दाखवत बसला की ही रेघ म्हणजे पऱ्ह्या, आपला ओढा, ही तुटक रेघ म्हणजे वाट. नकाशात वाट तुटक रेघेनं दाखवतात हे अर्ध्या गावाला माहीत नसेल.

लिहायला माणसं नाहीत असंही नाही. कणकवली, राजापूर, देवगड, चिपळूण, कुठलाही तालुका घ्या, तीस-चाळीस वर्षं दिवाणी वकिली केलेली, आता घरी बसलेली माणसं आहेत, निवृत्त तलाठी आहेत, सर्कल ऑफिसर आहेत, कोर्टाचे बेलिफ आहेत ज्यांनी भर पावसात होडीनं जाऊन समन्स बजावलेत. ह्यांच्याजवळ गोष्टींचे ढीग आहेत, फक्त त्या मुलांना सांगायच्या असतात हे त्यांना कोणी सुचवलेलं नाही. लेखक आणि ही माणसं एकत्र बसली पाहिजेत, म्हणजे गोष्टीतली प्रक्रिया चुकणार नाही, कारण चुकलेला कायदा शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा. आम्ही आमच्या परीनं सुरुवात करतोय. गणपतीत माणसं गावात असतात, पाचव्या दिवशी दुपारी वाचनालयात एक निवृत्त बेलिफ आणि एक वकीलीणबाई पोरांशी बोलायला येणार आहेत, दोघांनीही हो म्हटलंय. पोरांनी प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवलेत, पहिला प्रश्न त्या सातवीतल्या मुलाचा आहे, अज्ञान हा शब्द बदलून घ्यायचा असेल तर अर्ज कोणाच्या नावानं करायचा.